रुमाल बसले, माणसं उभी

जालना. साथीच्या आधी.

आमच्या डब्याचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. लिहिला असता तर एवढाच झाला असता:

जागा तिकिटाने मिळत नाही, रुमालाने मिळते. अपडाउनवाल्याचा रुमाल म्हणजे खुद्द अपडाउनवाला. परक्याचा रुमाल म्हणजे कापड. कापड उचलता येतं.

उचलण्याचं काम मार्तंडरावांकडे होतं. पंचावन्न वर्षांचे, एका कचेरीत हेडक्लार्क, इस्त्रीची टोपी, बारा महिने हातात छत्री. सातची पॅसेंजर जालन्यातूनच सुटायची. साडेसहाला रिकामी फलाटाला लागली की मार्तंडराव आपल्या मंडळींचे सात रुमाल घेऊन तिसऱ्या डब्याच्या खिडकीशी उभे. एकेक रुमाल बाकावर पडत जाई. पत्ते वाटावेत तसा.

मी शिवकन्या खरात. औरंगाबादला सरकारी कचेरीत टायपिस्ट, तात्पुरती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीही एका खिडकीपाशी रुमाल टाकला. मार्तंडरावांनी तो छत्रीच्या टोकावर घेतला आणि दारापर्यंत आणला.

"कोणाचा हा?"

"माझा."

"आपण?"

"खरात."

आडनाव ऐकून ते वाईट काही बोलले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले आणि छत्री तिरकी केली. रुमाल वरून माझ्या ओंजळीत पडला.

त्यानंतर अकरा महिने मी दाराशी उभी राहून गेले. बायकांचा डबा होता, म्हणजे अर्धा डबा होता, त्यात भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या घागरी बसत. तिथे बोलायला बरं, वाचायला अशक्य.

आणि मला वाचायचं होतं. खात्याच्या परीक्षेला दोनच संधी असतात. पहिली मी घालवली होती, सेवानियमांच्या पेपरात, चार गुणांनी. दुसरी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. त्यात गेले तर नोकरी गेली. घरी एक खोली, त्यात आई, भाऊ, वहिनी, वहिनीची तीन लेकरं. माझ्या वाट्याला दिवसातले निवांत असे सव्वादोन तासच येत, जालना ते औरंगाबाद. तेही उभ्याने. एका हातात दांडा, एका हातात पुस्तक. छोट्या रुळाची गाडी अशी हलते की करमाड यायच्या आत नियम क्रमांक अठ्ठावीसचा ब्याऐंशी होतो.

म्हणून मला जागा पाहिजे होती. हवेसाठी नाही, मानासाठी नाही. पुस्तक मांडीवर ठेवता यावं म्हणून.

बदनापूर. साथ येते.

एकाहत्तरचा जून. डोळ्यांची साथ रेल्वेनेच आली. मुंबईहून मनमाडला, मनमाडहून औरंगाबादला, आणि औरंगाबादहून एका मंगळवारी आमच्या डब्यात. आणली जगन्नाथने. हा तारखात्यातला, डब्यातला सगळ्यात वाचाळ माणूस. एरवी आमच्याबरोबर जालन्यालाच चढणारा, त्या दिवशी काळा चष्मा लावून बदनापूरला चढला.

"काय जगन्नाथ, सिनेमात घेतलं काय?"

"घेतलं ना. व्हिलन म्हनून. थोबाड दाखवू का?"

"दाखव की."

त्याने चष्मा काढला. डोळे कुठे होते! भाजलेल्या टोमॅटोला दोन चिरा दिल्यासारखं काहीतरी होतं. समोरचं बाक एका क्षणात रिकामं झालं.

"बसा ना, बसा," जगन्नाथ म्हणाला. "व्हिलन न्हाई चावत कोनाला."

"माणसा, इकडं बघू नको! बघितलं की लागतं!"

"मंग तुमी बघून राह्यले कशाला?"

बघितलं की डोळे येतात, यावर डब्याचा पक्का विश्वास होता. त्यामुळे त्या आठवड्यापासून तिसऱ्या डब्यात कोणी कोणाकडे बघेना. समोरासमोरच्या बाकांवरची माणसं खिडकीकडे तोंड करून बसू लागली, मान आखडेस्तोवर. पत्ते बंद झाले, कारण पत्ता हातातून हातात जातो. तंबाखूची पिशवी फिरायची थांबली. दाराची कडी लोक कोपराने उघडत. एरवी "कोन्या गावचे पाव्हणे?" इथून सुरू होऊन सोयरिकीपर्यंत जाणारं बोलणं आता दोन शब्दांत आटपे: "तुमचे आले?" "न्हाई अजून."

बदनापूरच्या चहावाल्याचे ग्लास कोणी घेईना. मंडळी घरून कप आणू लागली.

हे मात्र मी डोळे भरून पाहिलं. कारकून, मास्तर, एक वकील, खिशात स्वतःचा कप घालून फलाटावर उतरत. चहावाला लांबूनच किटली वाकवून वरून धार सोडी आणि धार थोडी मनगटावर जाई. माझ्या आजोबांचा कप भोकरदनच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेला असे. त्यांची धार कधी चुकली नाही. ते या कामात तरबेज होते. ही मंडळी नवशिकी.

आणि रुमाल. साथीत रुमालाने काय पुसतात ते सगळ्यांना माहीत होतं. एका सोमवारी मार्तंडराव साडेसहाला फलाटावर हात पुढे करून उभे राहिले आणि सातांपैकी एकानेही आपला रुमाल दिला नाही. दिला असता तरी त्यांनी घेतला नसता. "आपापलं बघा," ते म्हणाले आणि छत्री काखेत मारून स्वतःपुरते चढले.

कायदा मोडला नव्हता. नुसता ज्याचा त्याच्या हातात आला होता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडी सुटली होती. हरकत नाही, उद्या होताच.

करमाड. साथ भरात.

मंगळवारी मी सहालाच फलाटावर. नळाखाली रुमाल ओला केला, पिळला, आणि गाडी लागताच खिडकीतल्या जागेवर अंथरला. वहिनीच्या भावाचा काळा चष्मा मागून आणला होता, तो लावला. मग दाराशी उभी राहून मार्तंडरावांची वाट पाहिली.

ते आले. छत्रीचं टोक उचललं. रुमालाच्या वर वीतभर येऊन थांबलं.

"खरातबाई, हा रुमाल ओला आहे."

"हो."

"डोळे आलेत का आपले?"

"साहेब, सध्या कोनाचे न्हाईत?"

टोक तिथेच हललं. रुमालाला शिवलेली छत्री पुन्हा आपल्याच काखेत घ्यायची आहे, हे त्यांनी मनात फिरवलेलं मला दिसलं. छत्री खाली आली. मी आत गेले, रुमाल उचलला, बसले, पुस्तक मांडीवर उघडलं. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. समोरही नाही.

अकरा महिने माझ्या रुमालाला किंमत नव्हती, कारण तो माझा होता. आता त्याला हात लागत नव्हता म्हणूनच त्याला किंमत आली. मला त्याचं वाईट वाटलं का? नाही. करमाड येईपर्यंत रजेचं अख्खं प्रकरण झालं होतं आणि अठ्ठावीस हा अठ्ठावीसच राहिला होता.

घरी आईला सांगितलं. माझी आई झुंबरबाई, जिनिंगमध्ये सरकी निवडायला जाते. ती आधी हसली, मग थांबली.

"खोटं बोलली का तू?"

"न्हाई. मी नुसतं इचारलं."

"मंग बराबर हाय," आई म्हणाली. "पन खरंच आले तर?"

"आले तर आले."

दोन दिवसांत सगळ्या डब्याने माझी नक्कल केली. जगन्नाथ तर चार रुमाल भिजवून आणी आणि एका बाकाचा जहागीरदार होई. हळूहळू असं झालं: प्रत्येक बाकावर ओले रुमाल, प्रत्येक नाकावर काळा चष्मा. कोणाचे डोळे खरे आलेले, कोणाचे नुसते झाकलेले, काही कळेना. म्हणून रुमालवाल्याशेजारी रुमालवालासुद्धा बसेना. करमाडला एक म्हातारा चढला. त्याने सगळा डबा नीट पाहून घेतला.

"आवं, हे काय चाललंय? फडके बसलेत अन् मानसं हुभी!"

"बाबा, साथ हाय."

"मंग फडक्याला हाय का मानसाला?"

म्हातारा धोतर सावरून खाली जमिनीवर बसला आणि औरंगाबादपर्यंत झोपला. त्याचे डोळे आले की नाही मला माहीत नाही.

माझं मात्र रोज पंधरा पानं चाललं होतं.

चिकलठाणा. परीक्षेला अकरा दिवस.

त्या बुधवारी मार्तंडराव उशिरा आले. छत्री नव्हती, किंवा होती, पण ती आंधळ्याच्या काठीसारखी फलाटावर टेकत होती. चष्म्याखालून दोन्ही गालांवर पाणी. डोळे खरे आले होते, इतके की सोंगाची शंका घ्यायला कोणी तयार नव्हतं.

"मार्तंडराव, मागच्या डब्यात जाता का?" दारातून त्यांचाच एक सोबती म्हणाला. दहा वर्षं याचा रुमाल मार्तंडरावांनी टाकला होता.

"का रे? माझी जागा आहे ना?"

"जागा कशी असंल? रुमाल न्हाई तुमचा."

"मला दिसत नाही, रुमाल कुठून टाकू?"

"तेच म्हन्तो मी. मागचा डबा मोकळा हाय."

इंजिनाने शिट्टी दिली. मार्तंडराव पायरीवर एक पाय ठेवून उभे. त्यांना दूर व्हायची सवय नव्हती. कुठे सरकायचं, नजर कुठे ठेवायची, हात कुठे घ्यायचे, काही ठाऊक नव्हतं. हे शिकायला वेळ लागतो. आमच्या लोकांना पिढ्या लागल्या, आणि छप्पन साली ते सोडून द्यायला एक दिवस.

मी हिशेब केला. अकरा दिवस. डोळे आले तर पाच-सहा दिवस जातात. आज त्यांना जवळ बसवलं आणि चार दिवसांनी माझे आले, तर परीक्षेपर्यंत कसेबसे उतरतील. उशिरा आले, तर पेपर दिसणार नाही. पेपर दिसला नाही तर नोकरी नाही.

गाडी हलली.

"साहेब," मी म्हणाले, "इकडं या. सरळ. डावीकडं बाक. बसा."

"कोण? खरातबाई?"

"हो. आधी छत्री ठेवा खाली. लागंल कोनाला."

ते माझ्यासमोर बसले. जगन्नाथ तेवढा म्हणाला, "बाई, तुमी लय धीराच्या," आणि आपली जहागीर आणखी एक हात लांब सरकवली.

मार्तंडरावांनी गालांवरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, "आपण रोज काय वाचता? पानं उलटलेली ऐकू येतात."

"सेवानियम. खात्याची परीक्षा आहे."

"अरे! मग मोठ्याने वाचा. माझे पस्तीस वर्षांचे पाठ आहेत. बिलकुल पाठ. बदली झाली तर रुजू व्हायला किती दिवस?"

"सहा तयारीचे. वर प्रवासाचे."

"चूक. पंधरा, सरसकट."

"सहा, साहेब."

"मी हैदराबादला असताना स्वतः पंधरा घेतलेत! बदलीच्या रुखसतीचा हुकूम अजून माझ्या पेटीत आहे."

"ते निजामाचं होतं. आता मुंबईचे नियम आलेत."

"आलेत, पण नियम तो नियम."

"मंग तुमी पंधरा लिहा पेपरात. मी सहा लिहिते."

कोणीतरी खुदकन हसलं. मार्तंडरावांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांचा आवाज चढत होता. औरंगाबादपर्यंत आम्ही भांडलो. गुरुवारी भांडलो, शुक्रवारी भांडलो. दहापैकी सहा नियम त्यांना जुने माहीत होते, आणि ते इतक्या ठामपणे सांगत की खोडून काढायला मला नवा नियम शब्दन् शब्द म्हणावा लागे. डोळे मिटलेल्या माणसाला पान दाखवून उपयोग नसतो. तोंडाने पटवावं लागतं.

शनिवारी त्यांना थोडं दिसू लागलं. जाताना म्हणाले, "रुजू होण्याच्या बाबतीत आपलं बरोबर असावं. मी कचेरीत विचारलं."

माफी नव्हती ती. मी मागितलीही नव्हती. सोमवारपासून ते आपल्या मंडळींत परत गेले, पलीकडच्या खणात. मी माझ्या खिडकीपाशी. रुमाल कोरडा असला तरी आता कोणी उचलत नव्हतं.

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. सहावा, सातवा. माझे डोळे स्वच्छ होते.

औरंगाबाद. रविवार.

रविवारी पहाटे डोळे उघडेनात.

पापण्या चिकटलेल्या. आईने उकळून गार केलेल्या पाण्याने पुसून काढल्या तेव्हा खोली दिसली, पण पाण्याखाली असावी तशी.

"आले," आई म्हणाली. "त्या छत्रीवाल्याचे?"

"त्यांचे न्हाई. इतक्या दिसांनी न्हाई येत. रस्त्यावर सगळ्यांचेच आलेत."

"मंग आता?"

"आता जायचं."

"मी येते संगं," आई म्हणाली. हात धरून तिने मला शेवटचं कधी नेलं होतं, मला आठवेना. दुसरीत असेन.

रविवारी अपडाउनवाले नसतात, पण त्या दिवशी परीक्षेची बरीच मुलं होती आणि मार्तंडरावांचे दोन सोबती कुठल्या लग्नाला निघाले होते. माझ्या खिडकीपाशी कोणीतरी बसलेला. मी चष्मा काढला. इतके दिवस चष्मा लावून मी लोकांना जे समजू दिलं, ते आता खरं होतं, आणि खरं असताना झाकायचं कशाला?

"भाऊ, माझे डोळे आलेत. मला इथं बसायचंय. तुमी तिकडं बसा, म्हंजे तुमाला लागणार न्हाई."

तो उठला. आई माझ्याशेजारी बसली, अगदी खेटून. तिला कोणीतरी म्हणालं, "मावशी, लांब बसा, तुमालाबी येतील."

"येऊ दे," आई म्हणाली. "तिची आई हाय मी, रुमाल न्हाई."

पुस्तक उघडण्यात अर्थ नव्हता. मी डोळे मिटले आणि तोंडाने सुरू केलं. पहिलं प्रकरण. आईला अक्षर येत नाही. पण तिने सरकी निवडताना शेजारणीचं गाऱ्हाणं ऐकतात तसं ऐकलं, आणि जिथे मी थांबले तिथे विचारलं, "मंग?"

"मंग कर्मचाऱ्याने लेखी अर्ज करायचा."

"अन् साहेबानं न्हाई म्हनलं तर?"

"तर कारण लिहून द्यायचं."

"लिहून? बरं केलं. तोंडी न्हाई ना?"

"न्हाई. लेखी."

"मंग?"

बदनापूर गेलं. करमाड गेलं. चिकलठाण्याला रजेचं प्रकरण संपलं तेव्हा आई म्हणाली, "एवढी रजा असती का सरकारात? आमच्या जिनिंगमधी तर बाळंतपन सोडून काय न्हाई." आणि पुढच्या बाकावरची परीक्षेची पोरगी, मघापासून पाठमोरी बसून आमचं ऐकत होती, ती न वळता म्हणाली, "ताई, ते अर्धपगारी रजेचं परत एकदा सांगा ना." मी सांगितलं.

परीक्षेच्या दारात एक पर्यवेक्षक उभे होते. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"आज बसू नका तुम्ही. पुढच्या वेळी बसा."

"पुढची वेळ न्हाई मला. ही शेवटची आहे."

"पण साथ..."

"साथीमुळं परीक्षा नाकारायची असंल तर कारण लेखी द्या, सर. नियमात आहे."

तो नियम रजेचा होता, परीक्षेचा नव्हता. पण मी तो असा म्हटला की ते आत गेले, कोणाला तरी विचारून आले, आणि मला वेगळं बसवण्याचं ठरलं. व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल, एक खुर्ची. दुसरं कोणी नाही. आई खाली आवारात झाडाखाली.

वेगळं बसवलं. बरं झालं. उजेड चांगला होता.

प्रश्नपत्रिका मी नाकाशी धरून एक-एक ओळ वाचली. दर चार ओळींनी डोळे पुसावे लागत. प्रश्न वाचायला वेळ लागला, उत्तरं लिहायला नाही. उत्तरं कानात होती, कोणाच्या ना कोणाच्या आवाजात. रुजू होण्याचे दिवस विचारले होते. रजा नाकारण्याचा अधिकार विचारला होता. लिहिताना माझ्या ओळी उतरत्या झाल्या असतील, एकमेकींवर चढल्या असतील. वाचता येतील एवढं अक्षर मोठं काढलं. त्यामुळे कागद लवकर संपला.

शेवटचे दोन प्रश्न बाकी होते, आणि वीस मिनिटं.

"सर, पुरवणी."

पर्यवेक्षक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होते. ते पुरवणी घेऊन आले, पाच-सहा हात लांब थांबले, खाली वाकले आणि कागद फरशीवर ठेवून मागे सरले.

"घ्या."

वाऱ्याने कागदाचा कोपरा हलला. मी उठले नाही. त्यांच्याकडे पाहिलं, पूर्ण उघड्या लाल डोळ्यांनी, आणि त्यांना मान फिरवायला वेळ मिळाला नाही.

"टेबलावर ठेवा, सर."

"अहो, पण..."

"टेबलावर. मी श्वास धरून ठेवते तोवर."

ते आले. कागद टेबलावर ठेवला, वाऱ्याने जाऊ नये म्हणून माझी पट्टी त्यावर आडवी ठेवली, आणि गेले.

मी श्वास सोडला. वर आसनक्रमांक घातला, त्याच्या खाली प्रश्न सातवा लिहिला आणि पुढे लिहू लागले.